दोन बोटं माया

सिंदी रेल्वेला स्टेशनामागे जी गल्ली आहे, तिच्यात समोरासमोर दोन खिडक्या आहेत. गल्ली इतकी अरुंद की सायकलवाल्याने घंटी वाजवली तर दोन्ही घरांतून एकदमच "कोण व्हय?" येतं. इकडच्या खिडकीला धुरपताबाईची शिलाई मशीन, तिकडच्या खिडकीला यशोदाबाईचा ओटा. इकडे ब्लाऊज शिवले जायचे, तिकडे भाजी परतली जायची, आणि मधल्या मधे बावीस वर्षं बोलणं चाललेलं. मालगाडी आली की दोघी वाक्य तोंडात तसंच धरून जागच्या जागी थांबायच्या. "मंग थो म्हणते का मले..." म्हणत यशोदाबाई झारा वर धरून उभी राहायची, पन्नास-पंचावन्न डबे धडधडत जायचे, गार्डाचा डबा गेला की झारा खाली, "...डाळच नाई पचत." नव्या भाडेकरूंना हे पाहून धडकी भरायची.

आता अकरा दिवस झाले होते. खिडक्या उघड्या होत्या आणि बोलणं बंद होतं.

कारण एक ब्लाऊज. हिरवा, मागून खोल गळ्याचा, दोऱ्यांना सोनेरी लटकन लावलेला. एका मंगळवारी तो यशोदाबाईच्या खिडकीबाहेर तारेवर वाळत होता. धुरपताबाईने शिवणावरून मान वर केली, तर समोर ते लटकन हलत होते. यशोदाबाईच्या अंगावरचा एकूण एक ब्लाऊज आजवर धुरपताबाईच्या हातचा. तिचं माप वहीत पाहायची गरज नव्हती. बाळंतपणात वाढलं किती, टायफाइडमध्ये उतरलं किती, सगळं तोंडपाठ. आणि भाच्याचं रोहण्याला लग्न निघालं, तर ही बाई वर्ध्याला जाऊन बुटीकमधून शिवून घेऊन आली! बरं, लपवावा तरी. नाहीतर खोटं तरी सांगावं.

धुरपताबाईने काही विचारलं नाही. तोंड मात्र फिरवलं. ते इतक्या जोरात फिरवलं की दोन दिवस मान धरली.

"आई, तू बोलत काऊन नाई मावशीशी?" नागपूरहून मेघाने फोनवर विचारलं. मेघा तिथे बँकेत होती आणि रोज जेवणाच्या सुट्टीत आईला फोन करायची.

"मी कायले बोलू? मले तं थो ब्लाऊज दिसलाच नाई."

"मंग?"

"दिसूच नये म्हणून पडदा पाह्यजे. हा आताचा कामाचा नाई. गाडी आली का उडते अन् लटकन दिसते."

मेघा हसली, पण आवाज न करता. "मंग रोमन ब्लाइंड शिव. त्याच्यात आडव्या काड्या राह्यतात, उडत नाई. दोरी ओढली का घड्या पडत वर जाते, सोडली का खाली. आतून अस्तर लावलं का उजेडही नाई येत. व्हिडिओ पाठवते."

व्हिडिओतली बाई हिंदीतून बोलत होती आणि तिची नखं इतकी लांब होती की ही सुई धरते कशी, हेच धुरपताबाई पहिल्या वेळी पाहत राहिली. दुसऱ्यांदा पाहिल्यावर तिला सगळं समजलं. तिला शिवण तरी कोणी शिकवलं होतं? लग्नातला एक ब्लाऊज उसवला, तुकडे फरशीवर मांडले, परत जोडला. मग गावातल्या निम्म्या बायका तिच्याकडे शिवायला यायला लागल्या. हा तर पडदा. याला ना छाती, ना काख.

नवरा चिंधू रेल्वेतून रिटायर झालेला. तीस वर्षं फाटकावर काढली होती. फाटक खाली करणे, गाडी जाऊ देणे, फाटक वर करणे. आता दिवसभर करायला काही नाही म्हणून तो घरातल्या प्रत्येक कामाला अर्धा हात लावायचा.

"मेघाचे बाबा, रोमनचा पडदा करायचा हाय. काड्यांचं तुम्ही पाहा."

"रुमण्याचा?"

"रोमनचा."

"तेच तं," म्हणत चिंधू सायकल घेऊन गेला आणि संध्याकाळी भावाच्या शेतातून नांगराचं जुनं रुमणं खांद्यावर टाकून आला. ट्रॅक्टर आल्यापासून ते गोठ्यात पडून होतं. नांगर हाकणाऱ्याच्या हाताने त्याची मूठ गुळगुळीत झालेली.

धुरपताबाई कपाळावर हात मारून खाली बसली. "हे कायले?"

"तूच म्हटलं ना रुमण्याचा पडदा. मले वाटलं, खाली वजनाले लागत असन. गाडीच्या हवेनं उडू नये म्हणून."

हे त्याचं डोकं इतकं बरोबर चाललं होतं की तिला रागावताही येईना. शेवटी काड्यांसाठी त्यानेच बांबूच्या कामट्या तासून दिल्या, काचकागद मारून. रुमणं दाराआड उभं राहिलं.

मग तिने खिडकीचं माप घेतलं. वर एकेचाळीस इंच, मधे चाळीस, खाली पुन्हा एकेचाळीस. "हिची तं कंबर बारीक हाय," ती म्हणाली, आणि खिडकीबद्दल तिला जरा आदर वाटला. कापड वर्ध्याहून आणलं, जाड सुती, त्यावर तळहाताएवढी लाल जास्वंदाची फुलं. अस्तराला मांजरपाट. तो एक रात्र पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतला, कारण अस्तर आधीच आटवून घ्यायला हवं, हे व्हिडिओतल्या बाईला सांगायचं सुचलं नव्हतं. बाकी सगळं तिने तसंच्या तसं केलं. कापडाला अस्तर जोडलं, अस्तरावर आडव्या पट्ट्या शिवून त्यात चार कामट्या सरकवल्या, प्रत्येक कामटीला तीन कड्या टाकल्या. कड्यांतून ओवायची दोरी मात्र तिने विकत आणली नाही. घरात परकराच्या नाडीची रिळं पडलेली असताना दोरी कशाला?

सगळ्यात शेवटी वरच्या कडेला चिकटपट्टी शिवायची होती. तिचा दुसरा भाग भिंतीवरच्या लाकडी पट्टीला असतो, त्यावर पडदा नुसता दाबून चिकटवायचा. इथे धुरपताबाईने व्हिडिओ पाहिला नाही. हात आपोआप चालले. अस्तर आतून, कापड बाहेरून. इतकी वर्षं हजारो ब्लाऊज याच हिशेबाने शिवले होते. अस्तर अंगाला लागतं, फुलं जगाला दिसतात. आत म्हणजे घर, बाहेर म्हणजे गल्ली. पट्टी शिवली, दोरा दाताने तोडला.

रविवारी सकाळी चिंधू ड्रिल मशीन मागून घेऊन स्टुलावर चढला. पहिल्या भोकात स्क्रूसाठी लाकडी गट्टू ठोकला, तोच मालगाडी आली, घर हललं आणि गट्टू निघून मशीनच्या तेलाच्या कुपीत पडला. दुसऱ्या खेपेला पट्टी बसली. नाडी गुंडाळायला भिंतीत काहीतरी हवं होतं. चिंधू दाराआड गेला, रुमण्याची मूठ करवतीने कापून आणली आणि दोन स्क्रूने खिडकीशेजारी ठोकली. मग मागे सरकून, छाती काढून त्याने तिच्याकडे पाहिलं. धुरपताबाई म्हणाली, "बरं हाय." एवढं त्याला महिनाभर पुरलं असतं.

पडदा चिकटवला. तीन नाड्या चिंधूने हातात घेतल्या. वर-खाली करायची गोष्ट दुसऱ्या कोणाच्या हातात देणं त्याला शक्य नव्हतं.

"लाईन किलियर?" त्याने विचारलं.

"सोडा."

पडदा सर्रकन खाली आला. खोलीत अंधार झाला आणि त्या अंधारात दोघांच्या समोर मांजरपाट लटकत होता, त्याच्यावर चार फुगीर आडव्या शिवणी, बारा कड्या आणि तीन परकराच्या नाड्या. फाटलेल्या गादीचं पोट दिसावं तसं.

"धुरपते," चिंधूने हळूच विचारलं, "फुलं कोठी गेली?"

धुरपताबाईला तोवर समजलं होतं. ती तोंडावर पदर धरून उभी राहिली. जिचं तोंड पाहायचं नाही म्हणून आठवडाभर मान मोडून शिवलं, तिच्याच तोंडापुढे सगळी जास्वंद नेऊन ठेवली होती, आणि स्वतःच्या वाट्याला नाड्या! आता उतरवून, चिकटपट्टी उसवून...

तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला.

"अवं माय माय माय! का फुलं व हे!"

धुरपताबाईने तोंडावरचा पदर खाली घेतला.

"पण उजवीकून खाली हाय," पलीकडचा आवाज म्हणाला. "दोन बोटं."

आता धुरपताबाईच्या शिवणाला कोणी दोन बोटं खाली म्हणावं आणि तिने गप्प बसावं, हे भांडणातसुद्धा होण्यासारखं नव्हतं.

"कोणाच्या उजवीकून?" ती ओरडली.

"माह्या!"

"म्हणजे माह्या डावीकून. मेघाचे बाबा, डावीकडची ओढा."

"ज्यादा झाली! सोडा थोडीशी. भाऊजी, थोडीशी म्हटलं, फाटक नाई थे!"

"मधली?"

"मधली पोट काढून राह्यली. हां. हां... बस! बांधा आता."

चिंधूने नाडी रुमण्याच्या मुठीवर गुंडाळली आणि मग, कोणी सांगितलं नसताना, पुन्हा सोडवून तिन्ही नाड्या एकदम ओढल्या. पडदा घडी घडी करत वर गेला, फाटकासारखा सरळ. समोर यशोदाबाई उभी होती, हाताला पीठ लागलेलं, डोळे पुसून पुसून एका गालालाही लागलेलं.

"धुरपते," ती म्हणाली, "म्या असं केलं, अन् तू माह्यासाठी कायले एवढं..."

गाडी आली. मालगाडीच, कोळशाची, लांबच लांब. दोघी उभ्या राहिल्या. यशोदाबाईने पिठाचे हात वर धरले होते. धुरपताबाईच्या मनात त्या पंचावन्न डब्यांत बरंच येऊन गेलं. खरं सांगावं की हे तुझं तोंड दिसू नये म्हणून होतं बाई. सांगावं की चुकून उलटा लागला. चाळिसाव्या डब्यापर्यंत ती सांगणारच होती. मग तिला यशोदाबाईच्या गालावरचं पीठ दिसलं.

"...करत बसली?" गाडी गेल्यावर यशोदाबाईने वाक्य पुरं केलं.

"मंग का," धुरपताबाई म्हणाली, "तुले दिवसभर मांजरपाट दाखवू?"

चिंधूने खोकला काढला आणि ड्रिल मशीन परत द्यायला निघून गेला.

मग सगळं निघालं. भाची अंजूने घरातल्या सगळ्या बायांचे ब्लाऊज एका रंगाचे, एकाच ठिकाणी शिवायला टाकले होते. नाही म्हणायची सोय नव्हती. "तुले सांगीन सांगीन म्हणता म्हणता तूच तोंड फिरवलं. मंग माही हिंमतच नाई झाली. अन् का सांगू, थो काखेत इतका काचते का हात वर नाई होत. म्या उसवाले घेतला, तं आत काहीच नाई!"

"काहीच नाई म्हणजे?"

"मायाच नाई ठेवली बाईनं."

धुरपताबाईला हे खरं वाटेना. शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड दाबून ठेवतात, त्याला माया म्हणतात. बाई आज बारीक, उद्या जाड, परवा पुन्हा बारीक. माया असली तर ब्लाऊज तिच्यासोबत उसवता येतो, आवळता येतो. ब्लाऊज शिवला आणि माया नाही ठेवली?

"आण इकडे."

हिरवा ब्लाऊज काठीला लटकून गल्ली ओलांडून आला. धुरपताबाईने तो उलटा केला, चष्मा नाकावर सरकवला, शिवणीवरून अंगठा फिरवला. बाहेरून लटकन, मणी, जरी. आत कापड कडेला कापून टाकलेलं, साफ. इतके दिवस आपण याच्यावर जळत होतो, याची तिला जरा लाजच वाटली.

"हिरवं कापड नाई माह्याकडे," ती म्हणाली. "जास्वंदाचं उरलं हाय. काखेत तिकोना तुकडा लावून देते. हात खाली ठेवला तं दिसत नाई."

"अन् वर केला तं?"

"वर केला तं फूल दिसन. कायले घाबरते?"

संध्याकाळी मेघाचा व्हिडिओ कॉल आला. चिंधूने फोन खिडकीसमोर धरून पडदा दोनदा खाली आणि तीनदा वर करून दाखवला. मेघाने बराच वेळ पाहिलं.

"आई, हा उलटा लागला व."

"उलटा कायचा?" धुरपताबाई मशीनवर वाकून हिरव्या काखेत लाल तुकडा बसवत होती. "समोरून पाह्य, सुलटाच हाय."

पुढच्या सोमवारी यशोदाबाई रोहण्याहून आली ती थेट ओट्याशीच उभी राहिली. धुरपताबाईने नाडी ओढली.

"धुरपते, का सांगू तुले! नवरा-नवरीवर फुलं टाकाले म्या हात वर केला, अन् साऱ्या बाया माह्या काखेकडे पाहून राह्यल्या. वर्ध्याची एक बाई, चांगली शिकली-सवरलेली, मले विचारते, मावशी, हे डिझाइन कोणत्या बुटीकचं? मंग मी तिले म्हटलं का..."

गाडी आली. धुरपताबाईने कात्री तशीच वर धरली आणि डबे मोजायला सुरुवात केली.