बारशाच्या दिवशीचं कुंपण

दगडूसाठी आणलेला पट्टा तिसऱ्या दिवशी सकाळी शालनच्या गळ्यात होता. दगडू, म्हणजे घरचा कुत्रा, मोकळ्या मानेने रस्त्यापलीकडे तिच्या भावाच्या दारात लोळत होता. शालनने चाचपून बघितलं. बक्कल कुठेच नव्हतं.

"दोन बोटं जातात ना आत?" तिच्या नवऱ्याने, विनायकरावांनी, चहा ओतत विचारलं.

"जातात."

"मग बरोबर बसलाय."

चूक म्हणाल तर शालनचीच. पट्टा होता कुत्र्याला आवरायच्या कुंपणाचा, आणि हे कुंपण बिनतारी. तार नाही की खांब नाही. एक पांढरी पेटी घराच्या मधोमध ठेवायची, भोवती झेंड्या रोवायच्या. पट्टा झेंडीपाशी गेला की आधी बीप वाजतं, मग झटका बसतो. घराचा मध्य नेमका देवघरात निघाला. आता मिक्सर आला तरी त्याला हळदकुंकू लावणारी बाई ही. तिने पेटी पाटावर मांडली, फूल वाहिलं, गूळ ठेवला. आणि बसवलेल्याला उठवायचं नसतं, एवढं विनायकरावांना ठाऊक होतं. देवाधर्मातलं त्यांना तेवढंच ठाऊक होतं म्हणा.

रोज सकाळी झेंड्या थोड्या आत आलेल्या असत. फाटकापासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून पायरीपर्यंत. विनायकराव माहितीपुस्तिका वाचून तिला शिकवायचे. झेंडीपर्यंत न्यायचं, बीप वाजलं की मागे फिरवायचं आणि हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवायचा. "शाब्बास," म्हणायचे. रविवारी "मान खाली घे जरा" म्हणून त्यांनी पट्ट्याचा सेल बदलला. लाडू शालननेच वळलेले होते, आणि तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच यायचा.

पट्टा घरात आला त्याच दिवशी भावाला, नंदूला, मुलगी झाली होती. बाराव्या दिवशी बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि आत्या एकच, शालन. नाव तिने मनात धरून ठेवलं होतं, कुणापाशी बोलली नव्हती.

"बारशाला मी जाणार," ती म्हणाली.

"झेंडीपर्यंत जा की. मी कुठे नको म्हणतोय?"

बाराव्या दिवशी झेंड्या देवघराच्या उंबऱ्याला लागल्या. पलीकडून नंदूची हाक आली, "ताई, ये की. पोरीचं नाव अडलंय."

जळलं मेलं ते कुंपण, म्हणत शालनने पेटीला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि पेटी जागची हलवली. उत्तरपूजा झाली, भटजी नाही की काही नाही. मग तिने पेटी घागरीसारखी कमरेवर घेतली. वायर भिंतीतून सुटली, पेटीवरचा दिवा तसाच चालू राहिला. झेंड्या आपणहून जमिनीतून उपटून आल्या आणि तिच्याभोवती गोल धरून चालू लागल्या.

"अगं, मी बाहेर राहिलो," विनायकराव स्वयंपाकघरातून म्हणाले.

"राहा."

रस्त्यात एस.टी. झेंड्यांपाशी थांबली. कंडक्टरने हाताने जा म्हणून खूण केली.

नंदूकडे बायका जमल्या होत्या. टोपडं घातलेला वरवंटा पाळण्याच्या वरून खालून फिरवून झाला होता. शालनने पेटी पाळण्याखाली ठेवली आणि वाकली. झेंड्या पाळण्याभोवती उभ्या राहिल्या. बाळाच्या गळ्यात बोटभर रुंदीचा गुलाबी पट्टा होता.

"हे काय?"

"दाजींनी पाठवलं, बाळलेणं म्हणून," नंदू म्हणाला. "छान बसलंय."

शालनने बोट घालून बघितलं. दोन सोडा, एकही जाईना. रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीवर थापा मारायला सुरुवात केली. तिने बाळाच्या कानात सांगितलं, "रेवती."

बीप वाजलं. एकदा तिच्या गळ्यात, एकदा पाळण्यात.

"उज्ज्वला, वरवंटा दे," ती भावजयीला म्हणाली.

"अजून एकदा फिरवायचाय का, वन्सं?"

"फिरवायचा नाही."

शालनने वरवंट्याचं टोपडं काढलं, घडी घालून बाळाच्या उशाशी ठेवलं. मग पाळणा पायाने बाजूला सारला. झेंड्या तिच्या टाचांना लागल्या होत्या. पेटीवरचं हळदकुंकू अजून ओलं होतं. तिने वरवंटा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.