खाडीतली नव्वद तिवरं

सकिना एम.एस्सी.ला होती तेव्हा अंजनवेलजवळच्या खाडीतली तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, मोजायची. घरात विरोध होता. गुडघाभर चिखलात उतरणारी मुलगी कुणी पाहिली नव्हती. शेवटी तिच्या कमलामॅडम घरी येऊन अब्बांशी बोलल्या. अब्बांनी एकच अट घातली: होडी रमजानचाचांचीच.

चाचा होडी धरून उभे राहायचे. सकिना खोडाला टेप लावून घेर मोठ्यानं म्हणायची आणि वहीत लिहायची. डिसेंबरातल्या एका सकाळी मोजण्याच्या नादात भरती चढल्याचं कळलंच नाही, आणि घाईनं होडीत चढताना वही पाण्यात पडली. चाचांनी ती काढली, पण शाई पसरली होती. नव्वद झाडांचे आकडे गेले.

सकिना रडली. मग म्हणाली, "बरेचसे आठवतात मला. बाकीचे अंदाजानं लिहिते. कुणाला कळणारे?"

"तुला कळेल ना," चाचा म्हणाले. "उद्या ओहोटी साडेसातला आहे. मी धक्क्यावर असेन."

तीन दिवस दोघं पुन्हा चिखलात होती.

याला पंचवीस वर्षं झाली. सकिना आता रत्नागिरीत पर्यावरणशास्त्र शिकवते. त्याच झाडांवर यंदा तिची विद्यार्थिनी लायबा काम करतेय. मोजणी संपल्यावर सकिना तिला घेऊन चाचांकडे गेली. चाचांची नजर अधू झाली होती, होडी केव्हाच विकली होती.

"आपली तिवरं किती वाढली गं?" त्यांनी विचारलं.

छान वाढली एवढंच सांगावं, असं सकिनाच्या अगदी ओठावर आलं. पण चाचांशी खोटं बोलवेना.

"नव्वदातली बावन्न राहिलीत, चाचा. अडतीस खाडीत टाकलेल्या भरावाखाली गेली."

चाचा म्हणाले, "भरावाच्या पलीकडं बघितलंत? बी वाहत तिकडंच जायचं."

लायबा तिकडं गेलीच नव्हती.

रविवारी तिघं निघाली. सकिनानं हात धरून चाचांना भाड्याच्या होडीत बसवलं. भराव मागं पडला आणि वळणावर कोवळ्या तिवरांची दाट रांग दिसली. लायबा उडी मारूनच उतरली.

"किती आहेत?" चाचांनी विचारलं.

"थांबा, मोजतेय!" ती चिखलातून ओरडली.

सकिनाचे पाय शिवशिवले, पण ती चाचांजवळच बसून राहिली. दोघं आकडे ऐकत होती. चाळिसाच्या पुढं गेल्यावर चाचा हळूच हसले.