बोटांचा वास

"कोण येणारे गं आज?" सारिकेमनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"कुणी नाही, आई."

"मग कोंबडी कशाला भाजतेस?"

"कोंबडा आहे. निंगसीच्या पोटऱ्या फोडायचा मेला. सकाळीच सांगितलं ना तुम्हाला."

म्हातारी बांबूच्या बाजेवर जाऊन बसली. जरा वेळानं पुन्हा दारात. "वास छान सुटलाय. कोण येणारे गं?"

वागिनीनं सासूकडे पाहिलंच नाही. छातीतून चिरून उलगडलेला अख्खा कोंबडा बांबूच्या चिमट्यात बांधलेला होता. नारळाच्या दुधात आधीच शिजून निघालेला; आता करवंट्यांच्या निखाऱ्यांवर रंग धरत होता. गवती चहाची ठेचलेली कांडी मसाल्यात बुडवून ती त्याच्यावर फिरवत होती. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की धूर उठायचा आणि सहा वर्षांची निंगसी नाक वर करून तो ओढून घ्यायची.

नारळ शेजारच्या सुकेमीचे होते, म्हणून अर्धा कोंबडा तिचा. ती पातेलं घेऊनच बसली होती.

"तुझ्या हातचा कोंबडा आणि तुझ्या सासूची जीभ," सुकेमी म्हणाली, "गावात दोन्हींचा लौकिक. आता कोंबडा तेवढा राहिला."

"जीभ आहे की. कोण येणारे, कोण येणारे."

"सगळी शेपटं स्वतःच खाल्ली ना जन्मभर! म्हणून विसरते." सुकेमी खदखदून हसली.

वागिनी हसली नाही. या घरात कोंबडीच्या एकेका तुकड्याला कायदा होता आणि कायदा सारिकेमचा. तंगड्या पुरुषांच्या. पंख बायकांनी खायचा नाही, नवरा लांब उडून जातो. शेपटाकडचा मऊ, तेलकट तुकडा पोरीबाळींनी खायचा नाही, विसरभोळेपणा येतो. वागिनीच्या वाट्याला मान आणि पाय. पंख तिनं कधी चाखला नाही. नवरा दूरच्या बाताम बेटावर कामाला गेला तो गेलाच.

निंगसी पोटात असताना एकदा तिला राहवलं नव्हतं. दिवसभर धुरात बसून भाजलेल्या कोंबडीचं शेपूट तिनं चुलीपाशीच तोंडात टाकलं. सारिकेमनं पाहिलं. पाहुण्यांसमोर तिचा जबडा धरला, बोट घालून तुकडा बाहेर काढला, पाण्यात खळबळला आणि परत ताटात ठेवला. "भिकाऱ्याच्या घरची आहे," ती पाहुण्यांना म्हणाली, "शिकेल हळूहळू." पाहुणे हसले. नवराही.

सुकेमी तिचा अर्धा वाटा घेऊन गेली. वागिनीनं दार लोटलं. पंख निंगसीच्या पानात वाढला, तंगडी झाकून ठेवली, आणि शेपूट स्वतःच्या पानात घेतलं. सारिकेम समोर येऊन बसली. दोन्ही हात मांडीवर, शहाण्या मुलीसारखे.

"मला?"

"तुम्ही जेवलात की आत्ताच."

"जेवले?"

"तंगडी खाल्लीत. भात मागून घेतलात."

म्हातारीनं उजवा हात नाकाशी नेला. एकेक बोट हुंगलं. "वास नाही येत गं," ती घाबरून म्हणाली. भांडत नव्हती, विचारत होती.

वागिनी थांबली. मग तिनं सासूचा हात ओढून घेतला, भाजलेल्या कातडीवरून आपली बोटं फिरवली आणि ती चरबी त्या सुरकुतलेल्या बोटांना चोळली. अंगठ्याला, तर्जनीला, नखांत.

"आता बघा."

सारिकेमनं हुंगलं. चेहरा सैल झाला, मग ओशाळला. "हो की. जेवले मी. मेलं काही लक्षात राहत नाही." आणि ती बाजेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

निंगसी पंख चोखत सगळं पाहत होती.

वागिनीनं शेपूट तोंडात टाकलं. इतकी वर्षं जिभेवर राहून गेलेली ती चव. नुसती चरबी होती. मऊ, कोमट. तिनं ती गिळली. बाजेवर म्हातारी बोटं चाटत होती, एकेक करून, आवाज न करता.

वागिनी उठली. तिनं तंगडी काढली, मऊ भात वाढला, वर रस्सा घातला.

"निंगसी, आजीला हे जेवू घाल. नीट घास करून. मी आलेच."

विहिरीवर तिनं हात धुतले. राखेनं धुतले, पुन्हा धुतले. येताना बादलीभर पाणी आणलं.

ताट चाटूनपुसून लख्ख झालं होतं. सारिकेम हात नाकाशी धरून शांत बसली होती.

"जेवली आजी?"

"हो," निंगसी म्हणाली. तिची हनुवटी रश्शानं माखली होती. तंगडीचं हाड तिच्याच मुठीत होतं.

"निंगसी!"

"तू केलंस तसंच केलं ना मी! बोटांना लावलं. आजी म्हणाली, पोट भरलं." तिनं हाड पुढे करून दाखवलं, कसं चोळलं ते. "नखांतपण लावलं."

वागिनीचा हात वर गेला.

"मारू नकोस गं पोरीला," सारिकेम म्हणाली. "गुणाची आहे. जेवू घातलं तिनं मला." मग तिनं वागिनीकडे निरखून पाहिलं, जणू कुणी परकी सून दारात उभी आहे. "तू जेवलीस का? कुणी दिलं का तुला काही?"

टोपलीखाली मान आणि पाय उरले होते. वागिनीनं मान घेतली, बाजेपाशी जमिनीवर बसली आणि नखानं त्यातलं मांस सोलू लागली, धाग्याधाग्यानं. भाताच्या खरवडीत कालवून चिमुकला घास केला. तो म्हातारीच्या ओठांशी नेला.

"आई, घ्या."

सारिकेमनं ओठ मिटले. मान फिरवली.

"झालंय माझं," ती म्हणाली. "हे तुझं आहे."

वागिनीनं घास पुन्हा पुढे केला. म्हातारीनं डोकं हलवलं, आणि पुरावा म्हणून आपला उजवा हात तिच्या नाकापुढे धरला.

मग तो हात तिनं खांद्यावरच्या फडक्यात नीट गुंडाळून मांडीवर ठेवला, वास उडून जाऊ नये म्हणून.