धुराड्याजवळचा एक एकर

क्लेटन रडकचं वाटोळं व्हावं अशी प्रार्थना मी वर्षानुवर्षं केली, आणि तीही चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून. पाद्री सांगतात, शत्रूला क्षमा करा. पाद्रींची जमीन कुणी गिळलेली नाही.

आमची गिळली होती. रस्त्याला लागून खाली ओढ्यापर्यंत उतरणारी तीस एकर जमीन, आमच्या पपांची. त्या काळी अलाबामात कापूस किती लावायचा याची परवानगी सरकारी कचेरी द्यायची, आणि आमच्या काउंटीत काळ्या माणसाच्या नावावर ती मिळता मिळत नसे. क्लेटनचा बाप, थोरला रडक, पपांना म्हणाला, "लोंझो, हंगामापुरती जमीन माझ्या नावावर कर. परवानगी मी काढतो. कापूस निघाला की तुझी जमीन तुला. माझा शब्द."

आमच्याकडे गोऱ्या-काळ्यांमधला सगळा कारभार शब्दावर चालत आलाय. मजुरी शब्दावर, पिकातला वाटा शब्दावर, राहतं घरसुद्धा शब्दावर. कागद करायचा नाही, कारण कागद झाला की तो गोऱ्यालाही बांधतो. पपांनी मात्र सही दिली आणि बदल्यात शब्द घेतला. कापूस निघाला आणि थोरल्या रडकला शब्द आठवेना.

आम्ही घर सोडलं तेव्हा मी दोन वेण्या घालणारी पोर होते. पपा पुढे आयुष्यभर एकच सांगत राहिले, "मी त्याच्या दारात एकदाही गेलो नाही. मान ताठ ठेवून निघालो." आम्हा भावंडांकडे वारसा म्हणून एवढंच आलं, पपांची ताठ मान. त्या जमिनीवर आता घराचं विटांचं धुराडं तेवढं उभं होतं, आणि त्याच्याजवळ ममाने स्वयंपाकघराच्या दाराशी लावलेलं अंजिराचं झाड.

माझा धाकटा भाऊ ओथा. त्याने जन्मभर त्याच रडकांचा ट्रॅक्टर चालवला. चर्चचा डीकन, म्हणजे पाद्रींचा मदतनीस, देवभोळा, कुणाला उलट शब्द न बोलणारा. "येस सर" हे दोन शब्द त्याच्या तोंडून इतके गेले असतील की त्यांनी त्याचे दात झिजले असतील. माझं त्याच्यावर प्रेम होतं आणि मला त्याचा भयंकर रागही यायचा.

मग ट्वायला बेंबरी आली. काळ्यांच्या कॉलेजातली बाई, पन्नाशीची, पांढरी व्हॅन घेऊन गावोगाव हिंडणारी. चर्चच्या हॉलमध्ये उभी राहून म्हणाली, की ज्या शेतकऱ्यांना कचेरीने इतकी वर्षं दारातूनच परत पाठवलं, त्यांच्यासाठी सरकारने योजना काढलीय. बोअर मिळेल, तारेचं कुंपण मिळेल, भाज्यांसाठी पॉलीहाऊस मिळेल. आम्ही सगळे हाताची घडी घालून बसलो होतो. याआधी आलेले साहेब आमची तळलेली कोंबडी खाऊन, पत्रकं वाटून गेले ते गेलेच.

मी विचारलं, "आणि यात मेख काय आहे, मिस ट्वायला?"

"मेख एवढीच, मिस आर्झुला. जमीन तुमच्या नावावर हवी. आणि त्या जमिनीवर काय करायचं ते तुम्ही ठरवायला हवं."

"मग झालंच की! जमीन असती तर मी शेळ्या राहत्या ट्रेलरच्या मागे बांधल्या असत्या का?"

सगळे हसले. ट्वायला हसली नाही. मला ती तेव्हाच आवडली.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी ओथा माझ्या व्हरांड्यात आला. मी चवळीच्या शेंगा सोलत होते. त्यानेही मांडीवर भांडं घेतलं आणि खाली मान घालून सोलू लागला.

"सिस, मिस्टर क्लेटन मला जमीन देतायत."

"उन्हात फिरलास का रे?"

"पपांची तीस एकर. माझ्या नावावर करणार, कचेरीत जाऊन, रीतसर. मी ट्वायलाच्या योजनेत नाव घालायचं. बोअर, कुंपण, सगळं आलं की जमीन त्यांना परत. उन्हाळ्यात त्यांचा ओढा आटतो ना, गुरांना पाणी नसतं. वकील म्हणत होता, ओथाकडून परतीचा कागद लिहून घ्या. मिस्टर क्लेटन म्हणाले, कशाला? ओथाचा शब्द पुरे."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मग मी हसायला लागले. इतकी हसले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"का हसतेस?"

"अरे गाढवा, त्याच्या बापाने आपल्याला फसवलं तोच खेळ आहे हा! फक्त या वेळी कागद तुझ्याकडे आहे आणि शब्द त्याच्याकडे. घे जमीन. घे आणि देऊ नकोस."

ओथाने भांडं खाली ठेवलं. "मी शब्द दिलाय, सिस."

"पपांनासुद्धा शब्दच मिळाला होता!"

"तो रडकचा शब्द होता. हा माझा आहे."

आता अशा माणसाला काय करावं? मी त्याला शिव्या दिल्या. ममाची शपथ घातली. रडकची चमचेगिरी करतोस म्हणाले, आणि हे आजही मागे घेत नाही. तो उठून गेला. जाताना सोललेली चवळी नीट झाकून गेला.

वसंतात खरेदीखत झालं. ट्वायलाने ओथाला समोर बसवून दोनदा विचारलं, "जमीन तुमची आहे ना, मिस्टर गॅडिस?" आणि ओथा म्हणाला, "कागद तसंच म्हणतो, मॅडम." खोटं बोलायचं नाही म्हणून त्याने हे उत्तर आठवडाभर घोकलं होतं. बोअरला पाणी लागलं, भरपूर आणि गोड. कुंपण झालं. पॉलीहाऊस उभं राहिलं. क्लेटन रडक रोज पिकअप रस्त्याकडेला लावून बघायचा, आपलंच लेकरू वाढतंय अशा कौतुकाने. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पण एक गोष्ट रडकने हिशोबात धरलीच नव्हती. ओथाला अर्धवट काम करता येत नाही. नुसतं दाखवायला शेत करायचं होतं, याने खरोखर केलं. रताळ्याचे वेल लावले, भेंडी लावली, माझ्या शेळ्या तिकडे नेल्या. रडकचा ट्रॅक्टर चालवून झाला की हा आपल्या शेतात. मी डबा घेऊन जायची तेव्हा तो धुराड्याला टेकून अंजीर खात बसलेला असायचा. एकदा म्हणाला, "ममाचं झाड अजून फळ देतंय, सिस." मी डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. बोलले असते तर रडले असते, आणि मला रडायचं नव्हतं, सूड घ्यायचा होता.

ऑगस्टमध्ये ट्वायलाने ठरवलं की आजूबाजूच्या काउंट्यांतले शेतकरी बोलवायचे आणि ओथाचं शेत दाखवायचं. त्याच्या आदल्या आठवड्यात ओथा माझ्याकडे आला. दारात उभाच राहिला. चेहरा असा की मला वाटलं कुणीतरी गेलं.

"मी मिस्टर क्लेटनकडे गेलो होतो," तो म्हणाला. "म्हटलं, जमीन परत करतो, शब्द दिलाय. फक्त धुराड्याजवळचा एक एकर मला ठेवू द्या. ममाच्या झाडाचा. मागितलं, सिस. हात जोडून."

"मग?"

"हसले. म्हणाले, ओथा, अगदी बापावर गेलास. लोंझोसुद्धा माझ्या बापाकडे हेच मागायला आला होता. धुराड्याजवळचा एक एकर. तीनदा आला. त्यालाही नाही दिला."

मी खुर्चीत बसले. म्हणजे पपा त्याच्या दारात गेले होते. ताठ मानेचे पपा मागच्या दाराने त्या माणसाकडे एक एकर मागायला गेले होते, आणि घरी येऊन आमच्याशी खोटं बोलले होते, आमची मान ताठ राहावी म्हणून.

"टोपी काढली होती का पपांनी?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

"ते मी नाही विचारलं," ओथा म्हणाला. मग म्हणाला, "मासे कोण तळणार आहे त्या दिवशी?"

"मी."

"जास्त तळ. लोक पुष्कळ येतील."

लोक खरंच पुष्कळ आले. आमच्या चर्चचे, शेजारच्या तिन्ही काउंट्यांचे, कचेरीतला एक साहेबही हातात फाइल घेऊन. मी कढईसमोर घामाघूम, कॅटफिश तळत होते आणि एक डोळा ओथावर होता. जन्मभर येस सर म्हणणाऱ्या माणसाचा काय भरवसा?

रडक आला तो थेट पुढे. बोलावलं कुणी नव्हतं. ओथाच्या खांद्यावर हात टाकून साहेबाला म्हणाला, "ओथा आमच्याकडे लहानपणापासून आहे. गुणी माणूस. आता हिवाळ्यात हे पॉलीहाऊस काढू आम्ही, इथे गुरांसाठी टाकी बसवू. ते धुराडं पाडायचंय, झाडही जाईल."

साहेबाने फाइलमधून मान वर केली. "आम्ही म्हणजे कोण?"

ट्वायला पुढे झाली. शांतपणे तिने विचारलं, "मिस्टर गॅडिस, या शेतावर काय करायचं ते कोण ठरवतं?"

कढईत तेल तडतडत होतं. ओथाने आपल्या खांद्यावरचा तो हात बघितला. मग तो उचलून, अगदी हळू, एखादं वाळकं पान काढावं तसा बाजूला केला.

"मी ठरवतो, मॅडम. आणि धुराडं कुणी पाडणार नाही."

रडक आधी हसला. मग त्याला कळलं की हा विनोद नाही. गोऱ्या माणसाचा चेहरासुद्धा पांढराफटक पडतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"ओथा! तू मला शब्द दिला होतास!"

"कसला शब्द, मिस्टर रडक?" ट्वायलाने विचारलं.

साहेबाने पेन उघडलं. "हो, कसला शब्द? सांगा की, मी लिहून घेतो."

आणि क्लेटन रडकची दातखीळ बसली. सांगितलं तर सरकारला फसवायला निघाला होता हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. न सांगितलं तर जमीन गेली. तो तोंड उघडायचा आणि मिटायचा, माझ्या परातीतल्या माशांसारखा. माझी इच्छा होती की हे संपूच नये. मी मुद्दाम आणखी दोन मासे कढईत सोडले आणि म्हटलं, "मिस्टर क्लेटन, खाऊन जा की. गरम आहेत."

तो निघाला. ओथा मागून म्हणाला, "क्लेटन." नुसतं क्लेटन. "उद्यापासून तुझ्या ट्रॅक्टरला दुसरा माणूस बघ."

त्या रात्री ओथा जेवला नाही. शब्द मोडल्याचं त्याला लागलं होतं, आणि रविवारी चर्चमध्ये त्याने सगळ्यांसमोर उभं राहून देवाची क्षमा मागितली. लोकांनी "आमेन" म्हटलं, जरा जास्तच जोरात. मी काही मागितलं नाही. मला शांत झोप लागली होती.

सप्टेंबर कोरडा गेला. रडकचा ओढा आटला, तळ भेगाळला, त्याची गुरं आमच्या कुंपणाशी येऊन पाण्याच्या वासाने हंबरत उभी राहायची. गुरांचा मला राग नव्हता. ओथा कुंपणावरून नळी टाकून त्यांना रोज पाणी पाजायचा, आणि मी त्याला अडवलं नाही.

पण रडकला नळी पुरत नव्हती, त्याला गुरांसाठी बोअरपर्यंत रस्ता हवा होता. एका सकाळी तो चालत आला. ओथा भेंडी तोडत होता, मी धुराड्याशी अंजिरं वाळत घालत होते. तो माझ्यासमोर थांबला. पहिल्यांदाच मला मिस म्हणाला.

"मिस आर्झुला, ओथाशी बोला जरा. बोअरपर्यंत एक पट्टी द्या मला. विकत द्या. एक एकरसुद्धा नाही होणार, जेमतेम धुराड्याजवळचा तुकडा."

मी ओथाकडे बघितलं. त्याने ऐकलं होतं. तो भेंडी तोडत राहिला, मान वर केली नाही. म्हणजे उत्तर त्याने माझ्यावर सोडलं होतं.

रडकने टोपी काढून दोन्ही हातांत धरली होती आणि तिची कड बोटांनी फिरवत होता. केस विरळ झाले होते. म्हातारा दिसत होता. माझ्याच वयाचा तर होता. मी ती टोपी नीट बघून घेतली, सावकाश. मनात पपांना तिथे उभं केलं, त्याच जागी, तीनदा.

"नाही," मी म्हटलं. "एक एकरही नाही. आणखी दोनदा ये, क्लेटन, तेव्हाही हेच सांगेन."

मग मी उरलेली अंजिरं वाळत घातली. तो गेला तेव्हा मी वर बघितलं नाही.