पोटावरचे चिमटे

त्या सकाळी रोडपालीत चंद्रावतीबाईंच्या दारात चपला काढायला जागा उरली नव्हती. हॉलमध्ये बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, पुरुष जिन्यापर्यंत उभे होते आणि नव्याकोऱ्या सोफ्यावर वाघाच्या छापाची चादर अंथरून चिमटेबुवा विराजमान झाले होते. सगळ्यांचे डोळे बेडरूमच्या पडद्याकडे होते. पडदा सरकला आणि शेजारची नीता बाहेर येऊन ओरडली, "गेले! सुनेच्या पोटावर येक डाग नाय ऱ्हायला!"

शंख वाजला. चंद्रावतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. दोनदा पाळणा हलता हलता राहिला होता, त्यामुळे या तिसऱ्या वेळेला त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

सून समीक्षा नवीन पनवेलच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या माहेरी रक्तात एक दोष होता. रक्त गरज नसताना गोठायचं. तिची मावशी बाळंतपणानंतर रक्ताची गाठ फुफ्फुसात जाऊन वारली होती. म्हणून डॉक्टर अनुयांनी रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन रोज घ्यायला लावलं होतं. बाईंची त्याला हरकत नव्हती. इंजेक्शन म्हणजे दंडात नाहीतर कमरेत, अशी त्यांची समजूत होती. पण तेल लावताना त्यांना सुनेच्या पोटावर काळेनिळे डाग दिसले आणि त्यांचं धाबं दणाणलं. "सुईचे आहेत, आई," समीक्षानं सांगितलं. बाळ पोटात आणि सुईही पोटातच, हे ऐकून तर बाई आणखीच घाबरल्या आणि त्यांनी बुवांना गाठलं.

बुवांनी एका नजरेत निदान केलं होतं. "माहेरचं पितर हाय. मावशीच. चिमटे काढते! निळा चिमटा रागाचा, काळा चिमटा सुडाचा, पिवळा पडला की समजा थकली. सुई टोचली की ती चवताळते. सुई बंद, तीर्थ चालू, येत्या पुनवेला डाग गायब!" बाईंनी सुनेला सुई बंद करायला सांगितली. समीक्षा गप्प राहिली. बाईंना तो होकार वाटला.

आणि आज पुनवेला डाग खरोखरच गेले होते.

समीक्षा पडद्याबाहेर आली आणि हात जोडून म्हणाली, "बुवा, म्हणजे मावशी गेली?"

"गेली! कर्नाळ्याच्या पल्याड हाकलली!"

"आणि मी सुई चालू ठेवली असती तर?"

"तर पोट काळंठिक्कर पडलं असतं, पोरी! येक डाग हटला नसता!"

"मी चालूच ठेवली आहे," समीक्षा म्हणाली. "आज सकाळीसुद्धा घेतली."

शंख वाजवणाऱ्याच्या तोंडातून नुसती हवा निघाली. समीक्षाचा नवरा प्रितम कोपऱ्यात उभा राहून हसू दाबत होता.

"डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाल्या, पोटाऐवजी मांडीवर घेतली तरी चालेल. हे इंजेक्शन टोचतं तिथे कातडीखाली थोडं रक्त पसरतं. त्याचा डाग पडतो आणि हळूहळू आपोआप जातो. नीताकाकू, आत येऊन बघता का?"

नीता आत गेली आणि तोंडावर हात ठेवूनच परतली. "अगं बाय! मांडीवर हाईत की! ताजे!"

"पितर मांडीत उतरलं!" बुवा गरजले.

"कर्नाळ्याच्या पल्याडून?" जिन्यातून कुणीतरी विचारलं. "आजच्याला हायवेला ट्राफिक नव्हता वाटतं!"

घरभर हशा पिकला. समीक्षानं विचारलं, "मग सांगा बुवा, उद्या मावशी कुठल्या मांडीला चिमटा काढणार? मी उद्या सुई कुठे घेणार ते आत्ताच कागदावर लिहून नीताकाकूंकडे देते." बुवांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. ते वाघाची चादर गोळा करू लागले.

चंद्रावतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"थांबा बुवा. हिनं माझं ऐकलं असतं, सुई बंद केली असती, तरी डाग गेलेच असते ना?"

बुवांनी चादर काखेत मारली.

"डाग गेले म्हणून मी पेढे वाटले असते. आनि आत रक्त गोठत बसलं असतं. तवा कुठल्या गावाला गेला असता तुमी?"

बुवा चपला शोधायला खाली वाकले ते वर बघेचनात. बाईंनी त्यांना जाऊ दिलं आणि त्या जमलेल्या बायकांकडे वळल्या.

"बायांनो, मी भ्याले म्हणून फसले. तुमी भ्यालात तर डॉक्टरला इचारा. डाग दिसला तरी इचारा, सुई कुठं टोचायची ते बी इचारा. पन कुना बुवाच्या सांगन्यावरनं दवा बंद करू नका. पोटातल्या जीवाला आपली भीती कळत नाय, त्याला दवाच लागते."

मग त्या समीक्षाजवळ गेल्या. सुनेचा हात घट्ट धरून त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, माझं ऐकलं नाहीस."