विभ्रमाचा दुसरा अर्थ

हेमंतातले कोवळे, केशरकांती ऊन कोशमंडळाच्या खिडकीतून उतरे आणि शब्दांच्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर पसरे. शब्दाशब्दावर सोने चढे. त्या सोन्यात वसुमती परांजपे अर्थ लिहीत बसे. चौतिशीची, शांतनयना, मोत्यांसारख्या अक्षराची. दुसऱ्यांच्या चुका काढणे हेच तिचे काम होते. तिच्या नजरेतून कानामात्रा सुटत नसे.

कोश 'व' या अक्षरापाशी पोचला, तेव्हा श्रीरंग दातार संपादक होऊन आले. एके दिवशी त्यांनी 'विभ्रम' हा शब्द तिच्यापुढे ठेवला. अर्थही सांगितला : भुलवण्यासाठी केलेली लाडिक शृंगारचेष्टा. उदाहरण काय द्यावे, असे तिने विचारले आणि कपाळावरची बट मागे सारली. हेच द्या की, म्हणून ते हसले.

वसुमती बहरली. आरक्त झाली, आतुर झाली, अकारण हसू लागली. रोज तिच्या वेणीत अबोलीचा गजरा दिसू लागला. एका दुपारी तिच्या खांद्यावरून वाकून श्रीरंग हळूच म्हणाले, "वसुमती, काय सुगंध आहे हा!"

अबोलीला वास नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण जन्मभर चुका काढणाऱ्या वसुमतीने ती चूक तेवढी काढली नाही. वेडी कुठली! त्याच आठवड्यात साताऱ्याहून सांगून आलेले स्थळ तिने परतवले. ते बहुधा शेवटचेच होते.

माघ लागला. श्रीरंगांनी आपल्या लग्नाच्या पत्रिका वाटल्या. केशराचे बोट लावलेली एक तिच्या मेजावरही ठेवली. सगळे चहाला गेल्यावर तिने एवढेच विचारले, "मग ते सगळे काय होते?"

ते प्रसन्न हसले. "विभ्रम. पहिल्या अर्थाने माझा, दुसऱ्या अर्थाने तुमचा. तो दुसरा अर्थ लिहायचा राहिलाय बघा, वसुमतीबाई."

कालपर्यंत ती नुसती वसुमती होती.

तिने टाक बुडवला. '२. भ्रांती, नसलेले आहे असे वाटणे.' अक्षर तसेच, मोत्यांसारखे. हात जरासुद्धा कापला नाही, याचाच तिला राग आला. उदाहरणाची जागा कोरी होती.

तिने वेणीतले एक फूल खुडले, नाकाशी धरले, डोळे मिटून खोल, खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग त्या कोऱ्या जागेत लिहिले :

अबोलीचा सुगंध.