याकूबचाचाची नळी

"चाचा, फुकून फुकून गाल फाटले माजे, पन ही बया वाजंल तर शपथ!" इद्रीसनं हाडाची नळी वाळूत भिरकावली.

"आरं गाढवा, फुकायची नाय ती, वडायची! ईदला नळीतला मगज वडतोस तशी."

इद्रीसची तंतरली होती. अबू धाबीपलीकडं तेलकंपनीच्या तळावर तो आचारी. साहेबाच्या नाताळासाठी जहाजातून टर्की आला, म्हणजे गळ्याला लाल झोळी लोंबणारा करडाएवढा कोंबडा. तो इद्रीसच्याच हातून सुटला आणि झुडपांत घुसला. साहेब म्हणाला, सांजच्याला पक्षी दिसला नाही तर उद्याच्या लाँचीनं हर्णैला चालता हो. वर स्वतःच्या बापाची जुनी नळी दिली. तिच्यातून मादीचा आवाज काढला की नर येतो म्हणे. पण नळीचं तोंडच फुटकं! माणसाला हाकलायला मात्र साहेबाचं तोंड धडधाकट.

याकूबचाचा तळावरचा सुतार, दापोलीचा. त्यानं बकऱ्याच्या हाडाची तीन तोंडं घासली: एक चपटं, एक बारीक गोल, एक चकतीचं.

"हमारा डॅडी का फ्लॅट था. फ्लॅट लगाओ!" साहेब गुरगुरून गेला.

इद्रीसनं चपटं ओढलं. फुस्स! वाऱ्यानं ओठांना भेगा, सगळी हवा तिथूनच पळाली. बारीक ओढलं तर ते मिशीत अडकलं.

"चकतीचं घे. ओठ नुस्ते टेकव, आन वड. मुका घेतल्यावानी. लगीन झालंय ना तुजं?"

"रशीदाला बघून दोन वरसं झाली, चाचा!"

"मंग तिलाच आठव की!"

इद्रीसनं डोळे मिटले. क्यांव, क्यांव, क्यांव! झुडूप हललं. पिसारा फुलवून, नवरदेवासारखा डुलत टर्की थेट पुढ्यात आला. चाचानं वरून गोणपाट टाकलं.

"बघ, तुज्यापरास त्योच उतावळा!"

साहेबानं पक्षी बघितला, नळी हिसकावली आणि पहिलं काम काय, तर तिला चपटं तोंड बसवून घेतलं.

त्याच रात्री नाताळाच्या टेबलावर त्यानं छाती फुगवून सांगितलं, टर्की मीच बोलावला. मडमा म्हणाल्या, वाजवून दाखवा. साहेबानं नळी ओठांना लावली. फुस्स! पुन्हा फुस्स! इद्रीस थाळी धरून, हसू गिळत उभा.

मुदपाकखान्यात चाचानं चकतीचं तोंड टर्कीच्याच पंखाच्या हाडाला बसवलं होतं. त्यानं भिंतीआडून ओढलं.

क्यांव!

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब नळी ओठांना तशीच धरून बसला, नजर इद्रीसवर खिळलेली. इद्रीसनं अदबीनं थाळी पुढं केली.

"साब, और एक टांग?"

दुसऱ्या दिवशी लाँच सुटली. तिचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.